अठ्ठेचाळीस वर्षांनी येणारा फुलोरा

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. आजचे मिझोरम त्या वेळी आसाम राज्यातील एक डोंगरी जिल्हा होते व तेथील कारभारात स्थानिक लोकप्रतिनिधींच्या स्वायत्त जिल्हा परिषदेस काही अधिकार होते. या परिषदेने त्या महिन्यात एक ठराव संमत करून राज्य शासनाकडे पाठविला. येत्या वर्षी जंगलातील बांबू फुलणार आहे, बांबू फुलला म्हणजे उंदीर बेसुमार वाढतील, उंदीर वाढले म्हणजे भाताचे पीक हाती लागणार नाही. सबब संभाव्य दुष्काळाच्या निवारणार्थ पंधरा लाख रुपये मंजूर व्हावेत, असा त्या मागणीचा आशय होता.

फुलांचा व दुष्काळाचा असा संबंध जोडणारी मागणी सचिवालयात कोणी गंभीरपणे घेतली नाही, यात फारसे नवल वाटावयास नको. डोंगरी लोकांची ही एक भाबडी समजूत आहे, तिला शास्त्रीय आधार नाही, असे ठरले व ठराव बाजूला पडला. पुढील वर्षी बांबू फुलला. त्यानंतर उंदीर आले. आणि त्यानंतर जे घडले त्याची किंमत त्या भूमीने पुढची जवळजवळ तीस वर्षे मोजली.

ठराव करणाऱ्यांजवळ कोणतेही उपकरण नव्हते. त्यांच्याजवळ म्हाताऱ्या माणसांची आठवण होती. १९११ साली बांबू फुलला होता, त्याच्याही आधी आजोबांच्या काळात, १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, फुलला होता. मधले अंतर दर वेळी अठ्ठेचाळीस वर्षांच्या आसपास भरत होते. या घटनेला मिझो भाषेत नावही होते. ‘मौ’ म्हणजे बांबूची ती विशिष्ट जात. तिचे सामुदायिक मरण व त्यामागून येणारा दुष्काळ म्हणजे ‘मौताम’. एवढेच नव्हे, तर त्या प्रदेशातील बांबूच्या दुसऱ्या एका जातीच्या फुलोऱ्याने येणाऱ्या दुष्काळास ‘थिंगताम’ असे वेगळे नाव होते आणि मौतामनंतर सुमारे अठरा वर्षांनी थिंगताम येतो, हेही लोकांना ठाऊक होते. १९११ नंतर १९२९, १९५९ नंतर १९७७, असा तो क्रम आहे.

एकदाच फुलणारे गवत

बांबूला आपण झाड म्हणत असलो तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो ज्वारी, भात, ऊस यांच्याच कुळातील एक गवत आहे. जमिनीखाली त्याचे आडवे वाढणारे खोड असते. पावसाळ्यात त्यातून कोंब वर येतात. गडचिरोली-चंद्रपूर भागात ज्यांची भाजी आवडीने खातात ते वास्ते म्हणजे हेच कोंब. कोंब ज्या जाडीचा निघतो त्याच जाडीचा बांबू होतो आणि एकाच हंगामात तो आपली पूर्ण उंची गाठतो. काही जातींचा कोंब अनुकूल हवेत दिवसाला जवळजवळ तीन फूट वाढल्याच्या नोंदी आहेत.

वाढण्याच्या बाबतीत एवढी घाई करणारी ही वनस्पती फुलण्याच्या बाबतीत मात्र विलक्षण संयम दाखविते. ज्वारी चार महिन्यांत फुलते, कणीस धरते व वाळते. बांबूच्या पुष्कळशा जातीही आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात व वाळून जातात. फरक इतकाच की ज्वारीच्या चार महिन्यांच्या जागी बांबूला तीस, पन्नास, क्वचित शंभराहून अधिक वर्षे लागतात. आपल्याकडील काटेरी कळक, ज्याला विदर्भात कटांग म्हणतात, तो साधारणपणे तीस ते पंचेचाळीस वर्षांनी फुलतो. विदर्भाच्या जंगलात सर्वत्र आढळणाऱ्या मानवेलाचा काळ प्रदेशपरत्वे बदलतो. सह्याद्रीतील कारवी बांबूच्या कुळातील नव्हे, पण स्वभावाने त्याचीच बहीण म्हणावी अशी आहे. ती आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ व २०२४ या वर्षी तिचा जांभळा बहर अनेकांनी पाहिला असेल.

फुलण्याचा काळ दीर्घ असतो हे पहिले आश्चर्य. एका जातीची सगळी बेटे एकाच वेळी फुलतात, हे त्याहून मोठे. याचे सर्वांत नोंद घेण्याजोगे उदाहरण जपानमधील मदाके या बांबूचे आहे. एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यात तंतूसाठी जो बांबू वापरला तो हाच. चीनमध्ये हा बांबू इसवी सन ९९९ मध्ये फुलल्याची नोंद आहे. जपानमध्ये तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फुलला, नंतर १८४४ ते १८४७ या काळात फुलला आणि त्यानंतर थेट १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. अंतर सुमारे १२० वर्षांचे. दरम्यानच्या काळात या बांबूचे कंद इंग्लंड, अमेरिका, रशिया अशा दूरच्या देशांत नेऊन लावले गेले होते. तेथील माती निराळी, पाऊस निराळा, थंडी निराळी. तरीही जपानमधला बांबू फुलला तेव्हा परदेशातील हे बांबूही फुलले. बाहेरच्या हवामानावर अवलंबून नसलेले काही कालमापन या वनस्पतीच्या पेशींतच चालू असते, असा निष्कर्ष त्यातून निघतो. ते नेमके कसे चालते, याचा उलगडा विज्ञानाला अद्याप पूर्णपणे झालेला नाही.

गावजेवणाचे गणित

इतकी वर्षे थांबून सर्वांनी एकदम फुलण्यात बांबूचा लाभ काय? अमेरिकेतील डॅनियल जॅन्झन या शास्त्रज्ञाने १९७६ साली याचे जे स्पष्टीकरण मांडले ते आज बहुतेकांना मान्य आहे. बांबूचे बी हे धान्यच होय. उंदीर, खारी, रानकोंबड्या, मोर, रानडुकरे सर्वांनाच ते आवडते. एखादे बेट एकटे फुलले तर त्याचा एकही दाणा उगवण्यासाठी शिल्लक राहणार नाही. पण पन्नास पाहुण्यांच्या पंगतीत हजार पाने वाढली तर खाणारे कितीही अधाशी असले तरी अन्न उरणारच. शिवाय हे गावजेवण इतक्या वर्षांनी घालावयाचे की मधल्या काळात त्याच्या आशेवर जगणारे खाणारेच उरू नयेत. ज्या बेटाने वेळ चुकविली त्याचा वंश संपला. ज्यांनी वेळ पाळली त्यांची संतती राहिली.

परंतु काळ तीस, अठ्ठेचाळीस किंवा एकशेवीस वर्षांपर्यंत लांबला कसा? २०१५ साली हार्वर्ड विद्यापीठातील कार्ल व्हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मनोरंजक कल्पना पुढे आणली. समजा, मुळात एखादा बांबू दर दोन वर्षांनी फुलत होता. त्यांपैकी एखाद्या बेटात बदल होऊन ते तीन वर्षांनी फुलू लागले, तर त्याची फुलण्याची वर्षे निम्म्या वेळा बाकीच्यांशी जुळणार नाहीत व त्याचे बी फस्त होईल. मात्र तेच बेट चार वर्षांनी फुलू लागले, तर ते फुलेल तेव्हा बाकीचे फुललेले असतीलच. म्हणजे टिकणारा बदल हा मूळ काळाच्या पटीतच असला पाहिजे. दोनाचे चार, चाराचे आठ, अशा लहान लहान पटींनी हा काळ वाढत गेला असावा. ३२ म्हणजे पाच वेळा केलेली दुप्पट. १२० म्हणजे ५, ३ आणि तीन वेळा २ यांचा गुणाकार. वाचकांनी ४८ चे अवयव स्वतः पाडून पाहावेत. गणिताच्या शिक्षकांस वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

उंदरांचा वर्षाकाळ

मिझोरममधील मौ बांबूचे फळ इतर बांबूंच्या दाण्यासारखे बारीक नसते. ते गरयुक्त, पेरूच्या आकाराचे असते. गवतकुळातील ते सर्वांत मोठे फळ समजले जाते. शेकडो चौरस किलोमीटर जंगलात जमिनीवर अशा फळांचा खच पडला म्हणजे उंदरांना काय वाटत असेल, याची कल्पना करावी. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते व ती पिलेही तीन महिन्यांच्या आत विण्यास योग्य होतात. एरवी यांतील बहुतेक पिले अन्नाअभावी मरतात. मौतामच्या वर्षी ती मरत नाहीत. बांबूच्या फळात प्रजननशक्ती वाढविणारे एखादे द्रव्य असावे, असा समज पूर्वी होता. परंतु मुबलक अन्न व लांबलेला विणीचा काळ, एवढी कारणे त्या वाढीचा उलगडा करण्यास पुरेशी आहेत.

खरे संकट याच्यानंतरचे. पावसात राहिलेली फळे रुजतात आणि जंगलातील अन्न अचानक संपते. नेमक्या त्याच सुमारास डोंगरउतारावरील झूम शेतीत भात दाण्यावर आलेला असतो. भुकेलेली उंदरांची झुंड रात्रीतून शेतात उतरते. संध्याकाळी उभे असलेले पीक सकाळी नाहीसे झालेले शेतकऱ्यास दिसते.

१९५९ मध्ये हेच झाले. रस्ते थोडे, डोंगर उंच, धान्याचा साठा नाही, आणि मदत पोहोचली ती उशिरा व अपुरी. त्या वेळी मिझो तरुणांनी दुर्गम गावांत धान्य पोहोचविण्यासाठी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, म्हणजे दुष्काळ निवारण आघाडी, उभी केली. तिचे नेते लालडेंगा होते. दुष्काळ ओसरल्यावर, १९६१ च्या ऑक्टोबरात, या संघटनेच्या नावातील ‘दुष्काळ’ हा शब्द गळाला व मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष अस्तित्वात आला. १९६६ च्या मार्चमध्ये त्याने सशस्त्र उठाव केला. वीस वर्षांच्या अशांततेनंतर ३० जून १९८६ रोजी शांतता करार झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरम हे स्वतंत्र राज्य झाले. उठावाची इतरही कारणे होती. सगळा दोष उंदरांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि ठराव फेटाळल्याची आठवण त्या असंतोषाच्या मुळाशी होती, हे नाकारता येत नाही.

पुढचा मौताम २००७ साली येणार हे आता केवळ वृद्धच नव्हे, तर शास्त्रज्ञही सांगत होते. योगायोग असा की दुष्काळातून जन्मलेला तोच पक्ष त्या वेळी राज्यात सत्तेवर होता. या वेळी काही वर्षे आधीपासून बांबू फुलोरा व दुष्काळ निवारणाची स्वतंत्र योजना आखण्यात आली. उंदीर ज्यांना सहसा तोंड लावीत नाहीत अशी हळद व आले ही पिके घेण्याचा सल्ला शेतकऱ्यांना देण्यात आला. फुलण्यापूर्वीच बांबू तोडून विकण्याचे प्रयत्न झाले. उंदराच्या एका शेपटीस दोन रुपये असे इनाम लावण्यात आले. एवढे करूनही पिकांची हानी मोठी झाली व अनेक कुटुंबांवर रानातील कंदमुळांवर दिवस काढण्याची पाळी आली. योजना कागदावर जितकी चांगली होती तितकी ती प्रत्येक गावापर्यंत पोहोचली नाही, अशी टीकाही झाली. तरी १९५९ च्या आपत्तीशी तिची तुलना होऊ शकत नाही. सीमेपलीकडे, म्यानमारच्या चिन प्रांतात, अशी तयारी नव्हती. तेथील लोकांचे हाल अधिक झाले.

जेथे फुलोरा अन्न घेऊन आला

बांबूचा फुलोरा म्हणजे सर्वत्र दुष्काळच, असे मात्र नाही. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यावे. १८६४ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कारवार बाजूच्या सुपे भागातील जंगलात बांबू मोठ्या प्रमाणावर फुलला. ते बी गोळा करण्यासाठी धारवाड व बेळगाव जिल्ह्यांतून सुमारे पन्नास हजार माणसे त्या रानात उतरल्याची नोंद आहे. दहा-पंधरा दिवस मुक्काम करून पावसाळ्यापुरते धान्य बांधून लोक परत गेले. उरलेले त्यांनी विकलेही. ओरिसात १८१२ साली दुष्काळाच्या ऐन वेळी बांबू फुलल्याने असंख्य लोकांचे प्राण वाचल्याचे जुन्या लेखांतून आढळते. बांबूचा हा तांदूळ भातासारखाच शिजवून किंवा दळून खातात.

एकीकडे शाप व दुसरीकडे वरदान, हा फरक बराचसा बांबूच्या जातीमुळे आणि दाणा वेचणारी माणसे व दाणा खाणारे उंदीर यांच्यातील चढाओढीमुळे पडतो. आपल्याकडेही कळक फुलणे अशुभ मानणारी माणसे खेडोपाडी भेटतात. त्यांना हसण्यापूर्वी, हा समज कोणत्या अनुभवातून आला असावा याचा शोध घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

काचेच्या नळीतील फुले

या विषयात महाराष्ट्राचा एक अभिमानास्पद वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी व ए. एफ. मॅस्करेन्हस या शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाच्या पद्धतीने बांबूची रोपे काचेच्या नळीत वाढविली. पोषक द्रावणात नारळाचे पाणी व वनस्पतीच्या पेशींचे विभाजन वाढविणारे एक संप्रेरक यांचा उपयोग केला असता, ज्या कळकाला रानात फुलण्यास तीस वर्षे लागावीत त्याच्या चिमुकल्या रोपांना काही महिन्यांतच फुले आली आणि बीही धरले. १९९० मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे संशोधन प्रकाशित झाले, तेव्हा जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष पुण्याकडे वेधले गेले. पेशींतील ते घड्याळ पुढे ढकलता येते, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले. बांबूच्या दोन जातींचा संकर करावयाचा तर दोन्हींची फुले एका वेळी मिळावयास हवीत. ती अडचण दूर होण्याचा मार्ग या प्रयोगाने दाखविला.

आपल्या बेटांचे वय

बांबू आता गावाच्या उत्पन्नाचे साधन झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना ‘वृक्षा’त होत असे, २०१७ पासून वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला आहे. त्यामुळे शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्यांची संख्या वाढत आहे. अशा वेळी फुलोऱ्याचा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

लागवड करताना एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या बेटाचा कंद किंवा कांडे तोडून नवे बेट लावले, तरी ते वयाने नवे होत नाही. त्याच्या पेशी जुन्या बेटाचेच वर्ष मोजीत असतात. पंचवीस वर्षांच्या कळकापासून आज लावलेले बेट पुढच्या पाच-दहा वर्षांत आईबरोबर फुलून वाळून जाऊ शकते. म्हणून कंद आणताना मूळ बेट कोणत्या बियाण्याचे व केव्हाचे, याची चौकशी करावी, आणि सगळी लागवड एकाच बेटापासून करू नये. कोकणातील माणगा या जातीत बी धरण्याचे प्रमाण नगण्य असल्याने ती कंद व कांड्यांवरच वाढविली जाते. तेथे ही चौकशी अधिकच अगत्याची आहे.

जंगलात मानवेल वा कटांग फुलू लागला तर तो वाळण्यापूर्वीच्या एक-दोन हंगामांत जितका काढून उपयोगात आणता येईल तितका आणावा. मेलेली बेटे उन्हाळ्यात पेटली तर सरपणाच्या ढिगासारखी जळतात व खाली रुजू पाहणारे बी त्यात संपते. बी पडल्यानंतरची पहिली काही वर्षे त्या क्षेत्रात वणवा व चराई या दोन्हींना मज्जाव असला पाहिजे. कोवळे रोप आणि गवताचे पाते यांत गाईला फरक करता येत नाही. नैसर्गिक रोपांपासून तोडण्याजोगे बेट तयार होण्यास साधारणतः आठ-दहा वर्षे जातात, आणि तेवढा काळ बुरूडकामावर पोट असलेल्या कुटुंबांनी काय करावे, याचा विचार फुले दिसू लागताच ग्रामसभेत व्हावयास हवा. बांबूचे बी साधारण वर्षभरात उगवणशक्ती गमावते, तेव्हा ते कोठीत जपून ठेवण्यात अर्थ नाही. वेचून लगेच रोपवाटिकेत पेरावे. फुलोरा कोणत्या वर्षी, कोणत्या शिवारात, कोणत्या जातीला आला, ही नोंद गावच्या शाळेतील शिक्षकांनी एका वहीत ठेवली तर त्यासाठी खर्च काहीच नाही.

मिझोरमच्या वृद्धांच्या हिशेबाप्रमाणे थिंगतामची पाळी २०२५ च्या सुमारास होती आणि पुढचा मौताम २०५५ च्या आसपास यावयाचा आहे. २००७ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुले तेव्हा साठीला आलेली असतील.